ऑइल ओढायचा पंप

सुदेश कुबलचा उजवा खांदा दिवाळीच्या आधी धरला. जाळं ओढताना लचकला असेल, दोन दिवसांत सुटेल, असं त्याला वाटलं. पण पंधरवडा गेला तरी हात वर जाईना, मागे तर नाहीच नाही. मालवणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की याला वेळ लागतो; व्यायाम करत राहायचं, तीन-चार महिन्यांत सैल होईल. सुदेशने ते ऐकून घेतलं. देवबागला परत येताना रिक्षात त्याने बायकोकडे, आनंदीकडे, एकच विषय काढला. बोटीच्या इंजिनाचं ऑइल बदलायचं राहिलंय, एवढंच म्हणाला.

बोट बत्तीस फुटी होती. पहाटे ती मासेमारीला जायची आणि हंगामात दुपारी पर्यटकांना घेऊन कर्लीच्या खाडीत फिरायची. मधोमध एक लाकडी खोकं, आणि त्याच्या खाली तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. ऑइल साठतं ते चेंबर इंजिनाच्या पोटाशी, आणि ऑइल सोडायचा नट चेंबरच्या अगदी बुडाला. नट आणि बोटीचा तळ यांच्यात दोन बोटांचं अंतर. तिथे पोचायचं तर खोक्यात पालथं पडून उजवा हात खांद्यापर्यंत फटीत घालावा लागे आणि न बघता, नुसत्या चाचपणीने पाना फिरवावा लागे. डाव्या बाजूला धुराचा पाइप आडवा आलेला, म्हणून डाव्या हाताचा उपयोग नव्हता. खाली थाळी सरकवावी म्हटलं तर तीही मावत नसे. त्यामुळे काळं ऑइल सरळ बोटीच्या तळातच सोडायचं, मग भुसा टाकून, चिंध्यांनी पुसून, डब्याने उपसून काढायचं, आणि उरलेलं साबणाच्या पाण्याबरोबर खाडीत. देवबागात इंजिन आत बसवलेल्या सगळ्याच बोटींचं ऑइल असंच बदलत.

हे काम आता जितेंद्र मेस्त्रीने करायचं ठरलं. जितेंद्र चौके गावचा, वीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, हाताला चांगला. पण हंगाम तोंडावर आला होता आणि त्याला चारी बाजूंनी बोलावणी होती. तीन वेळा येतो म्हणाला आणि तीनही वेळा आला नाही. शेवटी एका रविवारी सुदेशने ठरवलं, की आपणच डाव्या हाताने बघू. टॉर्च धरायला त्याने आनंदीला बोटीवर नेलं.

आनंदी मालवणच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होती. बावीस वर्षं ती परीक्षानळ्या धुत होती, प्रयोगांची मांडणी करत होती, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती. शिक्षक शिकवत असताना ती मागच्या टेबलाशी उभी राहून ऐके आणि तास संपल्यावर शंका विचारी. काही शिक्षकांना त्याचा कंटाळा यायचा, काहींना मजा वाटायची. बोटीवर मात्र ती फारशी कधी आली नव्हती, आणि इंजिनाच्या खोक्यात तर तिने आजच पहिल्यांदा नीट डोकावलं.

सुदेशचा डावा हात नटापर्यंत पोचला नाही. दोनदा प्रयत्न करून, कोपर खरचटून घेऊन तो उठला आणि काठावर बसून राहिला. आनंदी अजून टॉर्च घेऊन आत बघत होती. ऑइल भरायचं झाकण इंजिनाच्या वर होतं. ऑइल किती आहे ते बघायची पट्टी शेजारच्या एका बारीक नळीत उभी होती. ती उपसायची, पुसायची, परत घालून बघायची.

"भरताना वरसून भरतास, बघताना वरसून बघतास," ती म्हणाली. "मगे काढूक खालसून कित्याक?"

"सगळे खालसूनच काढतत," सुदेश म्हणाला.

हे काही उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळलं.

घरी आल्यावर आनंदीने प्रीतमला फोन केला. प्रीतम तिच्या बहिणीचा मुलगा, गोव्यात बोटी दुरुस्त करायच्या एका यार्डात कामाला होता. त्याने सांगितलं, की त्यांच्याकडे खाजगी बोटी येतात, त्यांचा तळचा नट कुणी हातात धरत नाही. पट्टीच्या नळीतून बारीक पाइप खाली सोडतात आणि हाताने चालवायच्या पंपाने ऑइल वर ओढून घेतात. त्याने तीन पंपांचे फोटो पाठवले. एक पितळी, सायकलच्या पंपासारखा. एक मोठ्या पिचकारीसारखा. आणि एक घागरीएवढी टाकी, वर दांडा असलेली. यातला कुठला घ्यावा असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, की ते बोटीवर अवलंबून आहे आणि बोट त्याने पाहिलेली नाही.

आनंदीला हे उत्तर आवडलं. दुसऱ्या दिवशी तिने विज्ञानाच्या दिव्या मॅडमना विचारून प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर आणि काचनळ्यांना जोडायच्या प्लॅस्टिक नळीचे दोन तुकडे घरी आणले. पट्टीच्या नळीचं तोंड आतून नऊ मिलिमीटर भरलं. आठ मिलिमीटरची नळी सहज जाईल असं दोघांना वाटलं होतं. पण वीतभर गेली आणि अडकली, कारण आत एक वाक होता, तो वरून दिसत नव्हता. सहा मिलिमीटरची मात्र थेट बुडापर्यंत गेली. आनंदीने वहीत सहा लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. मग खोक्यात इंजिनाच्या बाजूला किती जागा उरते तेही मोजून लिहिलं.

सुदेश हे सगळं बघत होता. त्याचं मन पितळी पंपावर बसलं होतं. पितळ खाऱ्या हवेत टिकतं, बिघडलं तर मालवणात कुणीही दुरुस्त करून देतं. टाकी बघून त्याला फवारणीचा पंप आठवला, आणि फवारणीचे पंप किती दिवस चालतात ते त्याने मेव्हण्याच्या काजूच्या बागेत पाहिलं होतं. आनंदीने वाद घातला नाही. हातात घेऊन बघू, एवढंच ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी दोघं एसटीने कणकवलीला गेली. आनंदीच्या पिशवीत व्हर्निअर, वही आणि एक प्लॅस्टिकची बाटली होती. बाटलीत शेजारच्या बोटीतून मागून आणलेलं जुनं, काळं ऑइल होतं.

दुकान हायवेच्या बाजूला होतं. दारात गवत कापायची यंत्रं, आत पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, पाइपांची भेंडोळी. मालक मितेश, तिशीतला, वडिलांनंतर दुकान बघणारा. गॅरेजवाले मागू लागल्यापासून तो ऑइलचे पंप ठेवत होता. कुठल्या गाडीसाठी पाहिजे, असं त्याने विचारलं, आणि बोटीसाठी म्हटल्यावर जरा सावरून बसला. बोटवालं गिऱ्हाईक त्याच्याकडे आजवर आलं नव्हतं. त्याने तीनही प्रकार काउंटरवर मांडले आणि टाकीवाला जास्त खपतो असं सांगितलं. तो का खपतो, असं आनंदीने विचारल्यावर त्याला थोडा विचार करावा लागला.

तिने पिशवीतून बाटली काढली आणि चालवून बघू का, असं विचारलं. मितेशने बाटलीकडे बघितलं, काउंटरकडे बघितलं, आणि आधी खाली वर्तमानपत्रं पसरली.

पितळी पंप सुदेशने घेतला. त्याचा दांडा वर-खाली करायला एक हात आणि पंप दाबून धरायला दुसरा हात लागत होता. सुदेशने नेहमीसारखा उजवा हात पुढे केला, खांद्यातून कळ आली, आणि त्याने मुकाट्याने तो डाव्या हातात घेतला. मग पंप नाचायला लागला. पाइप बाटलीतून निसटला आणि वर्तमानपत्रावर काळी रेघ उमटली. मितेशने पंप धरला, तेव्हा कुठे थोडं थोडं ऑइल वर आलं. दहा वेळा दांडा मारल्यावर जेमतेम कपभर. सुदेशने पंप खाली ठेवला आणि हाताला लागलेलं ऑइल पुसत बसला.

पिचकारीचा पंप एका खेपेला लिटरभर ओढायचा. पण भरला की पाइप सोडून तो डब्यात रिकामा करायचा, परत जोडायचा. पाच-सहा लिटरसाठी पाच-सहा वेळा, आणि दर वेळी थोडं सांडणार. हलत्या बोटीत तो नकोच, असं सुदेशनेच सांगितलं.

राहिली टाकी. तिच्यात ऑइल दांड्याच्या जोराने येत नव्हतं. दांड्याने टाकीतली हवा बाहेर काढायची, पंधरा-वीस वेळा, आणि मग हात काढून घ्यायचा. आत हवा कमी झाली की ऑइल आपोआप चढतं. आनंदीने हे पुस्तकात पाहिलं होतं, पण प्रत्यक्षात दांडा सोडून दिल्यावरही पाइपातून काळी धार चढत राहिलेली बघून ती खाली वाकली आणि बाटली रिकामी होईपर्यंत तशीच बघत राहिली.

टाकीत दोन प्रकार होते. एक काळ्या पत्र्याची, एक दुधी प्लॅस्टिकची, बाजूला लिटरच्या खुणा असलेली. मितेश पत्र्याची घ्या म्हणाला; गॅरेजवाले तीच नेतात.

आनंदीने पत्र्याच्या टाकीच्या पाइपाचं टोक अंगठ्याने दाबून धरलं आणि सुदेशला दांडा मारायला सांगितलं. अंगठा आत ओढला गेला. मग ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. मितेशने हे काय चाललंय असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, की हवा कुठून आत शिरतेय का ते बघतेय. हवा शिरली तर ऑइल अर्ध्यावर थांबेल. दोन मिनिटांनी तिचा अंगठा सहज सुटला. मितेशला ते पटेना. त्याने स्वतःचा अंगठा लावून बघितला, तोही सुटला. मग त्याने आतून दुसरा पत्र्याचा पंप आणला, तो टिकला. दुधी टाकी लावली, तीही पाच मिनिटं टिकली आणि अंगठ्यावर गोल वळ उठला. पहिला पंप मितेशने कंपनीला परत पाठवायला बाजूला ठेवला. आता त्याला घाई नव्हती. त्याने स्वतःहून सहा मिलिमीटरचा पाइप शोधून काढला, आणि आनंदीने तो व्हर्निअरने मोजला.

पत्र्याची की दुधी, एवढंच राहिलं. सुदेशला आता पत्र्याला गंज चढेल ही काळजी होती आणि प्लॅस्टिक गरम ऑइलने मऊ पडेल हीही. पेटीवर ऐंशी अंशांपर्यंत चालेल असं छापलेलं होतं. परतताना शाळेतून तापमापक घेऊ, आनंदी म्हणाली. मग तिने दुधी टाकी उचलली.

"माका काय येता ता दिसाक व्हया," ती म्हणाली.

मितेश हसला. जुनं काळं ऑइल बघून काय करणार, असं त्याने विचारलं. भांड्यात काय आहे ते बाहेरून दिसू नये, हे तिला आवडत नसे. तिने फक्त तेवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीला भरती होती आणि बोट किनाऱ्याशी तरंगत होती. सुदेशने जितेंद्रलाही बोलावून घेतलं होतं, आणि नेमका त्या दिवशी जितेंद्र आला. त्याला पंपाबद्दल खात्री नव्हती. चेंबरच्या बुडाशी जे साचतं ते वरून कधीच निघत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

सुदेशने इंजिन दहा मिनिटं चालवलं, म्हणजे ऑइल पातळ होईल, आणि बंद करून थोडा वेळ जाऊ दिला. तापमापक बासष्टवर होता. पाइप पट्टीच्या नळीतून खाली गेला, वाक ओलांडून बुडाला टेकला. सुदेशने टाकी दोन पायांत धरली आणि डाव्या हाताने वीस वेळा दांडा मारला. क्षणभर काही झालं नाही. मग पाइप काळा झाला आणि टाकीच्या तळाशी ऑइल पडायला लागलं. तिघंही बघत होती. कुणाला काही करायचं नव्हतं, आणि तेच सगळ्यांना नवीन होतं.

सव्वाचार लिटरच्या खुणेशी ऑइल थांबलं. पाइपातून नुसती हवा यायला लागली.

भरताना साडेपाच लिटर भरलं होतं. हे आपण आधीच सांगितलं होतं, असं जितेंद्रच्या चेहऱ्यावर होतं. सव्वा लिटर कुठे गेलं, हा प्रश्न आनंदीने वहीत लिहून काढला. मग ती बोटीतून उतरली आणि किनाऱ्यावर जाऊन, थोडं लांबून, बोटीकडे बाजूने बघत राहिली.

परत आली तेव्हा तिने जितेंद्रला विचारलं, की इंजिन सपाट बसवलेलं असतं का. जितेंद्र म्हणाला, नाही; बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा मागे उतरत पाण्यात जातो, म्हणून इंजिनही मागे कललेलं असतं. आणि चेंबरचा नट कुठे असतो? मागच्या बाजूला, सगळ्यांत खाली. आणि पट्टीची नळी?

"फुडे," जितेंद्र म्हणाला आणि थांबला.

मग सगळं सोपं झालं. उरलेलं ऑइल मागे साचलं होतं; ते पुढे नळीखाली यायला बोटीचं नाक खाली गेलं पाहिजे होतं. सुदेशने मागचा नांगर आणि बर्फाची पेटी पुढे आणवली. पाण्याचे दोन निळे ड्रम पुढे ठेवून भरले. तरी बोट पुरेशी कलेना, म्हणून किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेल्या चौघांना हाक मारली, आणि शेजारची सुशीलाकाकी मासे निवडायचं सोडून काय चाललंय ते बघायला आली, तिलाही चढवली. सगळी जणं नाकावर दाटीवाटीने बसली. कित्याक बसायचं ते सुशीलाकाकीने दोनदा विचारलं आणि दोनदा समजावून घेतलं. बोट हळूहळू पुढे झुकली. आनंदीने पाच मिनिटं वाट बघितली, पाइप परत सोडला, आणि सुदेशने दांडा मारला.

ऑइल आलं. आधी काळं आलं, अर्धा लिटर, पाऊण लिटर. मग पाइपाचा रंग बदलला. काळ्याचा करडा झाला आणि करड्याचा दूध घातलेल्या कॉफीसारखा. टाकीत काळ्यावर ते पिवळट, दाट काहीतरी वेटोळं घेत पडायला लागलं. आनंदीला वाटलं टाकीत आधीपासून काही राहिलं असेल. तिने जितेंद्रकडे बघितलं.

जितेंद्र गुडघ्यावर बसून पाइपाकडे बघत होता.

"ऑइलात पाणी आसा," तो म्हणाला.

नाकावर बसलेली माणसं वळून टाकीकडे बघायला लागली. बोटवाल्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाण्यात मिसळलेलं ऑइल इंजिनाच्या आतल्या बेरिंगांना वंगण देत नाही, आणि बेरिंगा गेल्या की इंजिन उघडून पुन्हा बांधावं लागतं.

टाकी पावणेसहा लिटरवर थांबली. भरलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं होतं. जितेंद्रने विचारलं, की दोन महिन्यांत पट्टीवर ऑइल किती उतरलं. सुदेश म्हणाला, जराही नाही. उलट इंजिन ऑइल खात नाही म्हणून तो खूश होता. ते खात होतं तेवढीच जागा पाणी भरून काढत होतं, हे आता त्याच्या लक्षात आलं आणि तो खोक्याच्या काठावर बसला.

"आणि नट सोडल्यार ह्याच पयला येता," जितेंद्र आनंदीला म्हणाला. "बोटीच्या तळात पडता, थंयच्या घाणीत मिसळता. वयनीनू, वीस वर्सा मी ऑइल सोडतंय. काय येता ता मी कधी बघूकच नाय."

तो खजील झाला नव्हता, पण त्याला स्वतःचंच नवल वाटत होतं.

आता पाणी कुठून येतंय, हा प्रश्न होता. जितेंद्रने सांगितलं, की दोनच वाटा. इंजिन थंड ठेवायला आत गोडं पाणी फिरतं. ते हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या जाड झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपत असेल. किंवा ऑइल थंड करायला एक कूलर असतो, त्याच्यातून समुद्राचं पाणी फिरतं. तो आतून फुटला असेल. पॅकिंग असेल तर हेड उघडायचं, पंधरा दिवस बोट बंद. कूलर असेल तर दोन दिवसांचं काम. जितेंद्रचा कल पॅकिंगकडे होता. उद्याच हेड उघडू, तो म्हणाला.

आनंदीने एक दिवस मागितला.

"पाणी खारा काय गोडा, ता कळला तर?" तिने विचारलं.

जितेंद्र म्हणाला, तसं कळलं तर प्रश्नच मिटला. पण ऑइलातलं पाणी चाखून बघायची त्याची तयारी नव्हती.

संध्याकाळी तिने ते कॉफीसारखं ऑइल एका काचेच्या बरणीत भरलं आणि बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली. सकाळपर्यंत तळाशी बोटभर गढूळ पाणी वेगळं झालं होतं. ते तिने शाळेत नेलं, आणि बरोबर आणखी दोन बाटल्या नेल्या: एकीत खाडीच्या तोंडचं समुद्राचं पाणी, एकीत इंजिनातलं गोडं पाणी. मधल्या सुट्टीत दिव्या मॅडम आणि ती प्रयोगशाळेत गेल्या. दिव्या मॅडमनी ऑइलाखालचं पाणी दोनदा गाळलं. तीन परीक्षानळ्या ओळीत लावल्या. मीठ असेल तर सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरा साका येतो, हे आनंदीला पाठ होतं. पण देवबागच्या विहिरीलाही थोडा खारटपणा असतोच, म्हणून गोड्या पाण्याशी ताडून बघायला हवं, हे तिने रात्री जेवताना ठरवलं होतं.

पहिल्या नळीत, समुद्राच्या पाण्यात, थेंब पडताच दह्यासारखं पांढरं फुटलं. दुसऱ्या नळीत, इंजिनाच्या गोड्या पाण्यात, नुसतं धुकं आलं, नळीमागचा हात दिसत होता. तिसऱ्या नळीत दिव्या मॅडमनी थेंब आनंदीलाच टाकायला लावले.

दही फुटलं.

आनंदीने तीनही नळ्या उजेडाकडे धरून पुन्हा बघितल्या. मग तिने सुदेशला फोन केला आणि सांगितलं, हेड उघडू नका, कूलर काढा.

जितेंद्रने कूलर काढला आणि मालवणच्या एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथे त्याची दोन्ही तोंडं बंद करून आत हवा भरली आणि तो पाण्याच्या टबात बुडवला. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली. सुदेश टबाशेजारी उभा होता. ती माळ त्याने बराच वेळ बघितली, मग आनंदीला दाखवायला मोबाइलवर तिचं चित्रण केलं. नवा कूलर तिसऱ्या दिवशी बसला. आत उरलेलं पाणी धुऊन निघावं म्हणून साधं ऑइल भरून, थोडा वेळ इंजिन चालवून ते ओढून काढलं, असं दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा सगळी जणं पुन्हा नाकावर बसली; सुशीलाकाकी दुसऱ्या वेळी न बोलावता आली. शेवटचं ऑइल पाइपातून चढलं ते एकाच रंगाचं होतं. जितेंद्रने बेरिंगांचा आवाज कान लावून ऐकला आणि सांगितलं, की काही झालेलं नाही, वेळेत सापडलं.

डिसेंबरात बोट रोज खाडीत जात होती. सुदेशचा हात खांद्याच्या रेषेपर्यंत वर जायला लागला होता. निघालेलं काळं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून पडवीत ठेवलं होतं, आणि कुडाळहून जुनं ऑइल गोळा करणारा माणूस ते घेऊन गेला.

मग एका शनिवारी संध्याकाळी जितेंद्र घरी आला. पलीकडे भोगव्याला एका बोटीचं ऑइल बदलायचं होतं आणि त्याला पंप हवा होता. पंप काय, तो लगेच मिळाला. पण त्या बोटीची पट्टीची नळी किती रुंद आहे, तिच्यात वाक कुठे आहे, इंजिन किती कललंय, असं आनंदीने विचारलं. त्यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, उद्या रविवार आहे, वहिनींना वेळ असेल तर त्यांनीच यावं.

सकाळी ती तिघं कुबलांच्या बोटीने खाडी ओलांडून गेली. भोगव्याची बोट जुनी होती, इंजिन वेगळ्या बनावटीचं, आणि पट्टीची नळी कुठे आहे तेच पहिल्या नजरेला दिसेना. बोटीचा मालक, पांढऱ्या मिशांचा एक वयस्कर माणूस, खोकं उघडून बाजूला झाला आणि हे पंपाचं प्रकरण काय आहे असं जितेंद्रला विचारू लागला. जितेंद्र त्याला सांगू लागला. आनंदीने साडीचा पदर खोचला, टॉर्च पेटवली आणि खोक्यात वाकून, इंजिनाच्या मागच्या टोकाला हात लावत, तिने त्या माणसाला विचारलं, की चेंबरची सगळ्यांत खोल जागा यात कुठे येते.

त्याने मिशीवरून हात फिरवला. तीस वर्षं ही बोट त्याच्याकडे होती, आणि हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. तोही खाली वाकला.